पाव इंच माया

एका जानेवारीतली गोष्ट. बाहेर वीतभर बर्फ, शाळा बंद, माझे ऑफिस घरून. जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी कात्री, पट्टी, टाचण्या आणि कापडाचे तुकडे पसरलेले. मी आणि माझी बारावीतली लेक, दोघी मिळून आयुष्यातला पहिला ‘क्विल्ट’ शिवायला बसलो होतो. नमुना अगदी सोपा निवडला होता. चार इंचांचे नऊ चौकोन, तीन ओळींत तीन-तीन. चार त्रिक बारा, म्हणजे बारा इंचांचा एक ब्लॉक. हिशेब दुसरीतल्या मुलालाही जमावा असा. दोन तास खपून तुकडे जोडले, इस्त्री फिरवली आणि पट्टी लावली. अकरा इंच!

पुन्हा मोजले. अकराच. शिवाय चारी बाजूंनी शेजारच्या ब्लॉकशी शिवण पडायची बाकी होती, म्हणजे शेवटी डोळ्यांना दिसणार ते साडेदहा. लेक म्हणाली, "आई, हा नमुनाच चुकीचा आहे."

मंडळी, मी वीसएक वर्षे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. युजर म्हणतो सॉफ्टवेअर चुकीचे, प्रोग्रॅमर म्हणतो युजरने मॅन्युअल वाचले नाही, आणि माझ्यासारखी कन्सल्टंट दोघांच्या मध्ये बसून पगार घेते. त्यामुळे सवयीने मी ते पिवळे पडलेले वर्तमानपत्री कात्रण पुन्हा वाचले. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक वाक्य होते: शिवणीसाठी जागा सोडावी. किती सोडावी, कुठे सोडावी, काहीच नाही.

कापड कापताना शिवणीत जाणारी जी जास्तीची कड ठेवायची, तिला आपल्याकडे शिंपी ‘माया’ म्हणतात. "ब्लाउजला आत थोडी माया ठेवा हं," हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने आपल्या आईच्या तोंडून ऐकलेले असते. अमेरिकन क्विल्टमध्ये ही माया पाव इंचाची असते. प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी पाव इंच, म्हणजे चार इंचांचा चौकोन हवा असेल तर कापायचा साडेचार इंचांचा. त्या कात्रणाच्या लेखिकेने हे लिहिले नाही, कारण १९३० सालच्या वाचकांना ते सांगायची गरजच नव्हती. आम्हाला होती. मधल्या काळात नेमके काय झाले, याचा शोध घेता घेता माझा तो सबंध हिवाळा गेला. त्या शोधाची ही हकीकत.

आईची बॅग

आधी हे खूळ डोक्यात शिरले कसे ते सांगते. माझी आई २०१२ साली मिरजेहून सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती. शेजारी एक अमेरिकन आजी राहतात, त्या क्विल्ट शिवतात. आईला इंग्रजी येत नव्हते, आजींना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. पण पंधरा दिवसांत दोघींची अशी गट्टी जमली की रोज दुपारी आई आपली सुई आणि दोरा घेऊन त्यांच्या पोर्चवर हजर. परत जाईपर्यंत तिने माझ्या जुन्या ओढण्यांची एक गोधडी पूर्ण केली. मला कितीदा म्हणाली, "अगं बस जरा, दोन ओळी घाल. हाताला वळण लागलं की येतं." माझे उत्तर ठरलेले, "पुढच्या आठवड्यात ग आई, आत्ता रिलीज आहे."

२०१९ मध्ये आई गेली. तिच्या आठ सुती साड्या मी बॅगेत भरून आणल्या आणि ती बॅग बेसमेंटमध्ये ठेवून दिली. उघडायचा धीर होत नव्हता. शेवटी लेकच म्हणाली, "कॉलेजला जाताना मला आजीच्या साड्यांचा क्विल्ट हवा." ऑगस्टमध्ये ती जाणार. गोधडी कशी घालतात ते मला येत नव्हते, म्हणून म्हटले निदान क्विल्ट तरी पुस्तकात बघून शिवू. शेजारच्या आजींना विचारले, तर त्यांनी स्वतःच्या आईने जमवलेल्या कात्रणांचा बुटांचा खोका आणि आठ-दहा पुस्तके दारात आणून ठेवली.

म्हणजे शंभरेक वर्षांची मॅन्युअल्स समोर, आणि हातात एकही कौशल्य नाही. युजर टेस्टिंगसाठी याहून चांगला युजर कुठे मिळणार? मी माझे नेहमीचे प्रश्न कागदावर लिहिले. तुकड्यांची मापे खऱ्या आकारात दिली आहेत का? माया धरली आहे की नाही, हे स्पष्ट सांगितले आहे का? कापड किती लागेल? कोणता तुकडा आधी जोडायचा? आणि हे सगळे बरोबर आहे का? मग एकेक पुस्तक हातात घेतले.

मिरजेच्या आधी मच्छलीपट्टण

पुस्तकांत शिरण्याआधी एक गंमत. अमेरिकन क्विल्टचा इतिहास कुठूनही वाचायला घ्या, पहिल्या प्रकरणात आपण भेटतोच. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कोरोमंडल किनाऱ्यावरची आणि गुजरातची रंगीत छापील सुती कापडे इंग्लंडला पोचली. धुतली तरी रंग जात नाही, हे युरोपला नवीन होते. आपल्या ‘छींट’चे त्यांनी ‘चिंट्झ’ केले, कालिकतवरून ‘कॅलिको’ आले. लोक या कापडांवर इतके तुटून पडले की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी दंगे केले, आणि इंग्लंडच्या पार्लमेंटने १७०० आणि १७२१ साली कायदे करून ही कापडे वापरण्यावर बंदी घातली. फ्रान्सने तर १६८६ सालीच घातली होती. मग महागामोलाच्या चिंट्झमधली फुले, पक्षी, झाडे कापून घ्यायची आणि साध्या पांढऱ्या कापडावर शिवायची, अशी रीत सुधारलेल्या घरांत रूढ झाली. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या, श्रीमंती क्विल्टांमध्ये हा प्रकार हमखास दिसतो.

आणखी एक शब्द मुंबईकरांसाठी. ‘डंगरी’ हा जाड्याभरड्या कापडाचा इंग्रजी शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला आहे. तेव्हा अमेरिकेत जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या जात होत्या, त्यात नावापुरती का होईना, आपली डोंगरी होती!

छापील नमुन्यांची सुरुवात

अमेरिकेत छापून आलेला पहिला क्विल्टचा नमुना म्हणून सहसा १८३५ सालच्या ‘गोडीज लेडीज बुक’चा दाखला देतात. फिलाडेल्फियाहून निघणारे हे बायकांचे मासिक त्या काळी फार लोकप्रिय होते. १८३७ पासून त्याच्या संपादक होत्या सारा जोसेफा हेल. मेरीच्या कोकराचे ते बालगीत यांचेच, आणि थँक्सगिव्हिंगची राष्ट्रीय सुट्टी व्हावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा करून ज्यांनी १८६३ साली लिंकनकडून ती जाहीर करवून घेतली, त्याही याच. तो १८३५ चा नमुना षट्कोनांचा होता, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. कागदाचे षट्कोन कापा, त्यांच्यावर कापड दुमडून टाचा, आणि कडेला कड लावून शिवा, अशी पद्धत. ती आजही शिकवली जाते. इथे मायेचा घोळच होत नाही, कारण कापड कागदावर दुमडले की माया आपोआप मागे जाते. माप कागदाने धरून ठेवलेले असते. माझ्या परीक्षेत हा पहिला नमुना चक्क पास झाला! फक्त वेळ अफाट लागतो. हे मासिक वाचणाऱ्या बाईकडे वेळ होता, आणि बहुतेक घरकामाला नोकरही होते.

सामान्य घरातल्या बायका मात्र मासिकावर अवलंबून नव्हत्या. नमुना हातोहात जायचा. आवडलेल्या नमुन्याचा एकच ब्लॉक शिवून पेटीत ठेवायचा, तोच त्यांचा कागद आणि तेच पुस्तक. कुटुंबे पश्चिमेकडे सरकली तसे नमुनेही सरकले, आणि गावोगावी त्यांची नावे बदलली. ‘अस्वलाचा पंजा’ नावाचा एक प्रसिद्ध नमुना आहे. कुणी त्यालाच ‘चिखलातले बदकाचे पाऊल’ म्हणते, तर कुणी ‘मैत्रीचा हात’. आमच्या कॅन्ससच्या वाट्याला ‘कॅन्सस ट्रबल्स’ आले, म्हणजे गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्धाआधी इथे जे रक्त सांडले त्याची आठवण.

मग १८४६ साली हाऊचे आणि १८५१ साली सिंगरचे शिलाई मशीनचे पेटंट झाले. १८५६ पासून सिंगरने हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली. कापड गिरण्यांमुळे स्वस्त झाले. आणि १८८९ मध्ये मिसुरीतल्या सेंट लुईस शहरात ‘लेडीज आर्ट कंपनी’ने डाकेने नमुने विकायचा धंदा सुरू केला. कॅटलॉगमध्ये टपाल तिकिटाहून थोडी मोठी चित्रे, प्रत्येकाला एक नंबर आणि नाव. नंबर लिहून पैसे पाठवायचे, की नमुना घरपोच. शतक संपेपर्यंत चारशेहून अधिक नमुने त्यात होते. १८९६ पासून खेड्यापाड्यांत टपाल घरपोच मिळू लागले, त्याचाही या धंद्याला हातभार लागला असणार.

माझ्या धंद्याच्या भाषेत हा पहिला स्टँडर्ड. तोंडी चालणाऱ्या नावांना नंबर मिळाले, आणि छापले गेलेले नाव ‘खरे’ ठरले. पण घरी शिवणाऱ्या बाईने नुसता कॅटलॉग घेतला तर तिला काय मिळाले? चित्र. ज्या बाईला चित्र बघून कागद दुमडून घरीच माप काढता येत होते, तिला तेवढे पुरे होते, आणि अशा बाया भरपूर होत्या. आम्ही दोघींनी एक चित्र बघून माप काढायचा प्रयत्न केला. लेकीची भूमिती माझ्यापेक्षा ताजी, तरी पाऊण तास लागला.

पुस्तके आणि कात्रणे

सगळा ग्रंथ क्विल्टवरच, असे अमेरिकेतले पहिले पुस्तक १९१५ साली आले. लेखिका इंडियानाच्या मेरी वेब्स्टर. त्याआधी १९११ साली ‘लेडीज होम जर्नल’मध्ये त्यांच्या क्विल्टांची रंगीत चित्रे छापून आली आणि देशभरातून नमुन्यांची मागणी सुरू झाली. त्यांनी घरातूनच नमुने विकायला काढले. ब्लूप्रिंटवर खऱ्या मापाची आकृती, सोबत कुठला तुकडा कुठे बसतो ते दाखवणारा पातळ कागद. इंजिनियरिंग ड्रॉइंग ज्यांनी भोगले आहे त्यांना याचे मोल कळेल! पुस्तकाच्या नावात मात्र ‘ते कसे बनवावे’ असे शब्द असले, तरी त्याची खरी ताकद इतिहासात आहे. कापायला घ्यावेत असे नमुने हवे असतील तर ते वेगळे मागवायचे. मॅरियन गावातले वेब्स्टरबाईंचे घर आज क्विल्टर्स हॉल ऑफ फेमचे म्युझियम आहे.

आता येतो आपल्या कॅन्सस सिटीचा मान. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने सप्टेंबर १९२८ मध्ये पहिला क्विल्टचा नमुना छापला, आणि हे सदर १९६१ पर्यंत चालले. हजाराच्या आसपास नमुने! आधी इंडिपेन्डन्सच्या रूबी मॅकिम, मग एव्हलीन फोलंड आणि एडना मरी डन यांनी ते काढले. पुढे पुढे शेतकऱ्यांच्या घरच्या वाचक बायकाच नमुने पाठवू लागल्या. मंदीचे दिवस होते. पैसे नव्हते, पण पेपर घरात येत होता आणि पिठाच्या पोत्यांचे कापड फुकट होते. पोती विकणाऱ्या कंपन्यांनाही हे कळले, आणि त्या पोत्यांवर फुलाफुलांची डिझाइन्स छापू लागल्या. ओहायोतल्या एका कंपनीने तर कापसाच्या थरांच्या वेष्टणावर आतल्या बाजूने नमुने छापले. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सीअर्सने क्विल्टची स्पर्धा ठेवली, तिला सुमारे चोवीस हजार क्विल्ट आले आणि पहिले बक्षीस होते भल्या मोठ्या रकमेचे. पुढे अभ्यासकांनी शोधून काढले, की जिच्या नावावर बक्षीस गेले त्या बाईने स्वतः टाका घातलाच नव्हता, शिवणाऱ्या बाया वेगळ्याच होत्या. आउटसोर्सिंगचा शोध आपण लावला असे उगीच समजायला नको.

आमच्या टेबलावरचे अकरा इंची प्रकरण या काळातल्या कात्रणाचे. आकृत्या सुबक, नावे गोड, तुकडे बहुधा खऱ्या मापात. पण माया धरलेली नाही, जोडण्याचा क्रम क्वचित, आणि वर्तमानपत्राच्या छपाईत रेघ केसभर सरकली की तुकडे एकमेकांत बसत नाहीत. केसभर म्हणजे किती? मी एक्सेलमध्ये हिशेब केला. प्रत्येक शिवण एका इंचाच्या सोळाव्या हिश्शाने जास्त आत गेली, तर दोन्ही बाजूंचे मिळून एका शिवणीत एक अष्टमांश इंच जातो. नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये आडव्या मापात अशा दोन शिवणी, म्हणजे ब्लॉकमागे पाव इंच. आठ ब्लॉकच्या ओळीत दोन इंच. जुन्या बाया हे शिवता शिवता दुरुस्त करायच्या, थोडे ओढून, थोडे सैल सोडून. कात्रणात ते कुठे लिहिलेले नाही.

रूबी मॅकिम यांनी १९३१ साली आपले नमुने एका पुस्तकात आणले, ‘१०१ पॅचवर्क पॅटर्न्स’. खोक्यात त्याची १९६२ च्या पुनर्मुद्रणाची प्रत होती. जुन्या पुस्तकांत माझ्या परीक्षेत हे पहिले आले. माया यातही धरलेली नाही, पण ती वेगळी सोडायची हे बाई नीट सांगतात, तुकडे खऱ्या मापाचे देतात, आणि कोणती जोडणी सोपी नि कोणती अवघड यावर बोलतात. वाचताना शेजारी कुणीतरी बसल्यासारखे वाटते.

१९३५ साली लेव्हनवर्थच्या कॅरी हॉल आणि एम्पोरियाच्या रोझ क्रेट्सिंगर यांचा मोठा ग्रंथ आला. कॅरी हॉल धंद्याने शिवणकाम करणाऱ्या. अमेरिकेतला प्रत्येक ज्ञात नमुना एकदा शिवून ठेवायचा असा चंग बांधून त्यांनी आठशेहून जास्त ब्लॉक शिवले. पुस्तकात त्यांचे फोटो ओळीने आहेत, मापे नाहीत. घरी शिवणाऱ्याच्या दृष्टीने हे पुस्तक म्हणजे दुकानाच्या काचेतून मिठाई बघणे. पण ते ब्लॉक त्यांनी कॅन्सस विद्यापीठाला दिले आणि ते आज लॉरेन्सच्या स्पेन्सर म्युझियममध्ये आहेत. मी लॉरेन्सला दोन वर्षे एमएस केले. त्या म्युझियमवरून रोज कॉम्प्युटर लॅबला जायचे. एकदाही आत गेले नाही!

चकती आली आणि पट्टी बदलली

दुसऱ्या महायुद्धानंतर बायका नोकऱ्यांना लागल्या, ब्लँकेटे स्वस्त झाली, आणि क्विल्ट हा आजीच्या काळातला प्रकार ठरला. आईकडून मुलीकडे येणारी साखळी इथे तुटली. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले, १९७६ साली देशाची दोनशे वर्षे साजरी झाली, आणि लोकांना पुन्हा ओढ लागली. पण आता शिकणारीच्या शेजारी आजी नव्हती. जे काही सांगायचे ते पुस्तकालाच सांगायला हवे होते.

ते आव्हान ज्यांनी ओळखले त्यांत एलिनॉर बर्न्स एक. १९७८ सालच्या त्यांच्या पुस्तकाने एका दिवसात ‘लॉग केबिन’ क्विल्ट करायची पद्धत दिली. तुकडे कापत बसण्याऐवजी लांब पट्ट्या घ्या आणि मशीनवर एकामागून एक जोडत जा. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने गोल फिरत्या पात्याचा कटर आणला, पिझ्झा कापायच्या चकतीसारखा. सोबत पारदर्शक पट्टी आणि खाली चटई. यानंतर पुस्तकेच बदलली. खऱ्या मापाच्या आकृत्या गेल्या आणि ‘साडेचार इंचांचे नऊ चौकोन कापा’ अशी वाक्ये आली. म्हणजे माया मापातच धरलेली. त्रिकोण हवे असतील तर हव्या त्या मापापेक्षा सात अष्टमांश इंच मोठा चौकोन कापून तिरका छेदा, इतके तयार उत्तर.

पहिल्या चार प्रश्नांत नवी पुस्तके सहज पास होतात. आमचा दुसरा ब्लॉक नव्या पुस्तकावरून केला, तो शिवून बरोबर साडेबारा इंच भरला. पण लेकीने विचारले, "सात अष्टमांशच का?" तर पुस्तकात उत्तर नाही. आकार बदलायचा तर पुन्हा नवे पुस्तक. शिवाय त्यांचे सगळे हिशेब दुकानातल्या बेचाळीस इंच पन्ह्याच्या कोऱ्या सुती कापडाचे. साडेपाच मीटरची, पंचवीस वर्षे नेसलेली, मध्ये विरलेली, काठाकडे ठणठणीत असलेली इरकली साडी त्यांच्या जगात नाही. ‘दोन यार्ड कापड घ्या’ हे वाक्य आईच्या साडीपुढे काही कामाचे नव्हते.

लॉरेन्सच्याच बार्बरा ब्रॅकमन यांनी १९९३ साली चार हजारांहून अधिक नमुन्यांचा कोश एका ग्रंथात आणला. नावावरून न लावता ब्लॉकच्या रचनेवरून लावलेला. कुठलाही अनोळखी क्विल्ट समोर ठेवा, रचना बघत बघत नंबरापर्यंत पोचता येते. डेटाबेस डिझाइन शिकवताना उदाहरण म्हणून द्यावा असा हा ग्रंथ आहे. यावरून शिवता येत नाही, पण काय शिवतो आहोत ते कळते.

नमुन्यांच्या पुस्तकांबद्दल एक सावधगिरीही सांगायला हवी. लेक चौथीत असताना शाळेतून एक रंगवलेला कागद घेऊन आली होती. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना क्विल्टच्या नमुन्यांतून गुप्त संदेश दिले जात, अशी गोष्ट. ती १९९९ सालच्या एका पुस्तकामुळे सर्वदूर पसरली. गोष्ट सुंदर आहे, पण पळून सुटलेल्या लोकांच्या आठवणी, मुलाखती, कागदपत्रे यांत तिचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. ज्यांच्या गोधड्यांबद्दल खरेच बोलायला हवे, त्या कृष्णवर्णीय बायका अलाबामात जीज बेंडला होत्या. झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून, कुठल्याही पुस्तकाशिवाय, पिढ्यान्पिढ्या त्या शिवत होत्या. २००२ साली ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन झाले आणि २००६ साली पोस्टाची तिकिटे निघाली. त्यांचे फोटो बघताना माझा हात थांबला. एकीवर विटक्या निळ्या पँटच्या गुडघ्यांचे तुकडे होते, जिथे ठिगळ होते तिथला रंग गडद. आईच्या गोधडीत माझ्या ओढण्यांचे असेच होते.

करंगळीचे नख

थोडक्यात काय, माझा निकाल असा. पुस्तकातून शिकणाऱ्या नवशिक्याने नवे पुस्तक घ्यावे, कारण त्यात माया धरलेली असते. दहा ब्लॉक हातून झाले की मॅकिमबाईंकडे वळावे. कात्रणे त्यांच्यासाठी, ज्यांना आधीच येते. आणि जुन्या साड्यांचे काय करायचे हे यांपैकी कुठल्याच पुस्तकात नाही.

म्हणून शेवटी मिरजेला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने आपल्या दिवाणावरची वाकळ ओढून कॅमेऱ्यापुढे धरली. "अगं, विरलेलं आत घालायचं, काठ कडेला आणायचे. थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं. कडेनं धावदोरा घालायला लागायचं आणि आत आत जायचं." मी पेन घेऊन बसले होते. विचारले, "मावशी, कडेला माया किती सोडायची?" तिला प्रश्नच कळला नाही. मग हसली. "मोजतंय कोण? करंगळीच्या नखाएवढी."

लेकीने लगेच आपली करंगळी पट्टीला लावली. पाव इंचापेक्षा रेसभर जास्त!

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मावशीचा फोन. आधी ती म्हणायची, "यात काय लिहून घेण्यासारखं आहे?" आता ती स्वतःच आठवून ठेवते, "मागच्या वेळी दोऱ्याचं सांगायचं राहिलं बघ." तिच्या सांगण्याचे चार पानी टिपण झाले आहे. माप, क्रम, चित्रे, आणि ‘का’ या प्रश्नाची उत्तरेही. कॅरी हॉलच्या ब्लॉकांसारखे ते भव्य नाही. पण ज्या माणसाने कधी सुई धरली नाही त्याला ते वापरता यावे, एवढी परीक्षा मी त्याची घेतली आहे. एका वाक्यावर मी स्वतःच तीनदा अडखळले, तेव्हा ते तीनदा बदलले. आईला विचारले असते तर कदाचित आठ पाने झाली असती.

ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात क्विल्ट पूर्ण झाला. वरची बाजू अमेरिकन, नऊ चौकोनांचे ब्लॉक, पाव इंच माया. खालची बाजू आईच्या अख्ख्या इरकली साडीची, काठ कडेला, आणि तिन्ही थर मावशीच्या पद्धतीने कडेकडून आत धावदोऱ्याने शिवलेले. शेजारच्या आजी बघायला आल्या. त्यांनी आधी उलटी बाजू बघितली, टाके बघितले, आणि आईचे नाव घेतले. एका कोपऱ्यात ब्लॉक जुळलेले नाहीत, ते त्यांच्या नजरेतून सुटले नाही. "ते पहिल्या दिवशीचे," लेक म्हणाली. आमचा तो अकरा इंची चौकोन उसवायला तिने नकार दिला होता. चारी बाजूंनी पट्टी जोडून त्याला मापात बसवले आहे.

सुट्टीत ती घरी येईल तेव्हा आम्ही लॉरेन्सला जाणार आहोत, कॅरी हॉलचे ब्लॉक बघायला मिळतात का ते विचारायला. या वेळी इमारतीच्या आत जायचे ठरले आहे.